आयडलिंग बिघडले तर काय पाहावे?

गाडी न्यूट्रलमध्ये आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जे संथ फिरत राहते, त्याला आयडलिंग म्हणतात. गरम झालेले चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन तेव्हा साधारण ७०० ते ९०० आरपीएमवर शांत चालते. ते थरथरू लागले, आवाज वरखाली होऊ लागला किंवा सिग्नलला बंद पडू लागले, तर कुठेतरी बिघाड आहे.

गेल्या सुटीत आमच्या आजोबांची जुनी, कार्ब्युरेटरची गाडी अशीच बंद पडत होती. मी कार्ब्युरेटरवरचा आयडलचा स्क्रू थोडा फिरवला. आरपीएम वाढले, गाडी बंद पडेनाशी झाली. घरात माझे कौतुक झाले. आजोबा एवढेच म्हणाले, “ब्रेक हल्ली जड लागतो रे.” मला वाटले, वय झाले, पायात जोर कमी झाला असेल.

शाळेत परतल्यावर एमटीच्या उस्तादांना मी हे ऐटीत सांगितले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “ब्रेक कसा लागतो?” मी गप्प झालो.

मग त्यांनी कारण समजावले. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढत असतात, पण वाट अरुंद. म्हणून इनटेक मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी होतो. हाच व्हॅक्यूम. त्याच्या एखाद्या पाइपला चीर गेली, तर जादा हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते आणि इंजिन थरथरते. रेस दिल्यावर मुळातच खूप हवा आत जाते, त्यामुळे गळतीची हवा जाणवत नाही. ब्रेकच्या बूस्टरलाही याच व्हॅक्यूमचा पाइप जातो. तो फाटला तर आयडलिंग बिघडते आणि ब्रेकही जड होतो. मी स्क्रू फिरवून फक्त खूण पुसली होती.

उस्तादांनी शिकवलेला क्रम असा:

१. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करा. फॅन आणि बेल्टपासून हात दूर ठेवा.

२. त्रास इंजिन थंड असताना होतो की गरम, एसी लावल्यावर की नेहमीच, ते लिहून ठेवा.

३. रबरी पाइप पाहा. ‘स्स्’ असा आवाज येतो का, ऐका.

४. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

५. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहा. फिकट तपकिरी रंग चांगला. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर कमी.

६. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा आयडल जेट साफ आहे का, पाहा. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवर साचलेला कार्बन पाहा.

७. स्क्रूला हात सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

त्या संध्याकाळी परवानगी काढून मी घरी फोन केला आणि गाडी काढू नका म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक घरी आला. बूस्टरचा पाइप टोकाशी चिरलेला निघाला. पाइप बदलला, स्क्रू पूर्वीच्या जागी आला. आजोबांच्या पायातला जोर होता तेवढाच होता.