‘नव्हेच’ आणि ‘मीच’ : मराठी रंगभूमीवरील लबाड नायक

संस्कृत नाट्यशास्त्राने प्रेमविषयक वर्तनावरून नायकांचे जे भेद केले, त्यांत ‘शठ’ हा एक होय. प्रियेचे अप्रिय गुप्तपणे करणारा तो शठ, असा दहाव्या शतकातील ‘दशरूपका’चा अभिप्राय आहे. मराठीने या अर्थच्छटा निराळ्या रीतीने वाटून घेतल्या आहेत. ‘लबाड’ हा शब्द संबोधनात सहज लाडिक होतो. आई मुलाला आणि प्रेयसी प्रियकराला तो कौतुकाने लावते. ‘ठक’ या शब्दाला ही मुभा नाही. मोहक लबाड ठक केव्हा ठरतो, हा प्रश्न मराठी प्रेक्षकापुढे दोन नाटकांनी विशेष स्पष्टपणे उभा केला.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त (१८८२) अर्जुन संन्याशाचा वेष घेतो. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देऊ केलेली आहे. तोच बलराम या यतीवर विश्वासून सुभद्रेला त्याच्या सेवेस ठेवतो. फसवणूक उघड आहे आणि तिचा सूत्रधार प्रत्यक्ष श्रीकृष्ण आहे. तरीही प्रेक्षक रागावत नाही. कट त्याला आरंभापासून ठाऊक असतो, सुभद्रेचे मन अर्जुनावरच असते, आणि शेवटी यतीला ‘तो मीच’ असे सांगावेच लागते. वेष हा येथे ओळखीपर्यंत पोचण्याचा आडमार्ग आहे.

आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) या नाटकात हीच सामग्री उलटी मांडलेली आहे. एका प्रत्यक्ष फौजदारी खटल्यावर आधारलेल्या या नाटकाचा नायक (त्याला नायक म्हणावे की नाही, हाच तर वाद) नाना वेषांनी स्त्रियांशी विवाह करून त्यांना लुबाडतो. न्यायालयात मात्र तो निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणून उभा राहतो. त्याच्या वेषांत एक राधेश्याम महाराजही आहेत. म्हणजे कपटसंन्यासी येथेही आहेच.

नाटकाचे शीर्षक व्याकरणदृष्ट्या फार नेमके आहे. ‘नाही’ हे रूप अस्तित्व किंवा क्रिया नाकारते, तर प्रमाण मराठीत ‘नव्हे’ हे तादात्म्य नाकारते. ‘मी केले नाही’ असे म्हणणारा आरोपी घटनेविषयी वाद घालतो. ‘तो मी नव्हे’ म्हणणारा घटनेला हातच लावत नाही; ती कोणा ‘तो’च्या पदरी टाकून ‘मी’ मोकळा होतो. त्यावर ‘च’ चढला की शंकेलाही जागा उरत नाही. फसलेल्या स्त्रियांपाशी ‘हाच तो’ एवढेच वाक्य असते, आणि ते उच्चारताना आपली फजिती त्यांना भर न्यायालयात पुन्हा सांगावी लागते.

असे असूनही गिरगावातील साहित्य संघ मंदिरात, दादरच्या शिवाजी मंदिरात प्रेक्षक हसला तो लखोबाबरोबर. फणसवाडीत जन्मलेल्या प्रभाकर पणशीकरांनी पाच भूमिकांतून त्याला जे चापल्य दिले, फिरत्या रंगमंचाने त्या वेषांतरांना जी गती दिली, त्यांचा यात वाटा आहेच. परंतु अधिक मोठे कारण भाषिक असावे. निपाणीकडच्या बोलीचा भाबडेपणा शहरी कानाला निरुपद्रवी वाटतो. सीमाभागाच्या बोलीविषयीचा आपला हा समज लखोबा ढालीसारखा वापरतो. साक्षीदार स्त्री जितकी प्रमाण आणि गंभीर बोलते, तितकी त्याच्या उत्तराला टाळी पडते. ही टाळी निर्दोष आहे असे म्हणणे कठीण आहे. ‘सौभद्रा’त प्रेक्षक कटात सामील असतो, पण सुभद्रेच्या बाजूने, येथे तो काही क्षण आरोपीच्या बाजूला सरकतो.

मुंबईच्या आजच्या बोलण्यात तादात्म्य नाकारतानाही बहुधा ‘नाही’च ऐकू येते. नाटकाचे नाव मात्र जुन्या रूपातच रूढ झाले असून, कोणी जबाबदारी झटकू लागला की ते थट्टेने घेतले जाते.