ब्रेनर खिंडीपलीकडील दोन दिवस : दक्षिण टिरोलचा शेतकरी व त्याचे पाहुणे

ऑस्ट्रिया देशातील इन्सब्रुक शहरची कुटुंबे ऑक्टोबर महिन्यात शनिवार-रविवार साधून, मुलांबाळांसह व पुष्कळदा आजी-आजोबांसही बरोबर घेऊन, डोंगर ओलांडून शेजारच्या इटली देशात जातात. त्यांचे जाण्याचे ठिकाण म्हणजे एखादे मोठे शहर अगर समुद्रकाठ नव्हे, तर डोंगरउतारावरील शेतकऱ्याचे घर होय. तेथे एक रात्र काढावी, शेतावर पिकलेले खावे, गोठ्यात व रानात हिंडावे आणि रविवारी सायंकाळी घर गाठावे, एवढाच त्यांचा बेत असतो. सहल म्हणून पाहिल्यास यात विशेष नवल नाही. परंतु ज्याच्या घरी हे पाहुणे उतरतात त्या शेतकऱ्याने आपली जमीन भावाभावांत तुकडे होण्यापासून कशी वाचविली, याचे एक उत्तर या दोन दिवसांत दडलेले आहे. आणि तो प्रश्न आमच्या वाचकांच्या घरोघरचा आहे.

इन्सब्रुकच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरांवर ब्रेनरची खिंड लागते. तिची उंची सुमारे 1,370 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडी कमी; तथापि आल्प्स पर्वत ओलांडण्याच्या वाटांमध्ये ती सखलच गणली जाते. येथून आगगाडी 1867 पासून धावते आहे, आणि हल्ली मोटाररस्त्याने दरवर्षी वीस लाखांहून अधिक मालमोटारी ये-जा करतात. खिंडीच्या दोन्ही अंगांचा मुलूख पूर्वी टिरोल या एकाच नावाने ऑस्ट्रियाच्या बादशाहीत मोडत असे. पहिल्या महायुद्धानंतर, 1919 च्या तहाने, दक्षिणेकडील भाग इटलीकडे गेला. राज्य बदलले, भाषा बदलली नाही. आजही तेथील बहुसंख्य लोक जर्मनच बोलतात. म्हणून इन्सब्रुकच्या माणसास परदेशात जाऊनही परके वाटत नाही. आपल्याकडे 1961 पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली असताना कोकणातील कित्येक घराण्यांस आपल्याच कुलदैवताच्या दर्शनास परमुलखात जावे लागे, त्याचीच ही एक जात म्हणावयाची. ब्रेनरवरची नित्याची तपासणी 1 एप्रिल 1998 रोजी उठली, आणि पुढे नाणेही दोन्ही बाजूंस एकच झाले. तेव्हापासून ही सहल शेजारच्या तालुक्यात जाण्याइतकी सोपी झाली आहे.

खिंड उतरली की आयझाक नदीचे खोरे लागते. ब्रिक्सन हे जुने गाव मागे टाकून क्लाउझनकडे जावे, तो दोन्ही बाजूंच्या उतारांवर द्राक्षांचे मळे, त्यांच्या वर चेस्टनटची झाडे, त्याहून वर गवताची कुरणे व सर्वांत वर देवदाराच्या जातीचे जंगल, असे थर दृष्टीस पडतात. सपाटीवरील जमीन बहुतेक सफरचंदाखाली गेलेली आहे. या प्रांतात सफरचंदाच्या बागा सुमारे 18,000 हेक्टर असून युरोपीय संघाच्या एकंदर सफरचंदांपैकी सुमारे दहावा हिस्सा येथून येतो. बागाईतदाराचे ठीक चालते. खरी ओढाताण होते ती वरच्या उतारावरील गोठेवाल्याची. तेथे नांगर चालत नाही; गवत कापून, वाळवून, हिवाळ्यासाठी साठवावे आणि पंधराच्या आसपास गाई पाळून दूध सहकारी संघास घालावे, हाच त्याचा धंदा. कित्येक उतार असे उभे आहेत की यंत्र घेऊन उभे राहणेही कठीण. एवढ्याशा दुभत्यावर कुटुंब पोसत नाही, ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

पाहुण्यांची खरी गर्दी होते ती ऑक्टोबरच्या आरंभापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. या दिवसांतल्या मेजवानीस ‘टोर्गेलन’ असे नाव असून ते द्राक्षे पिळण्याच्या चरकावरून पडले आहे. नवी द्राक्षे पिळून झाली, चेस्टनट गळून पडले, गाई उंचावरच्या चराईवरून उतरल्या, म्हणजे शेतकरी आपल्या लाकडी तक्तपोशीच्या जुन्या खोलीत पाने मांडतो. प्रथम जवाचे सूप येते. मागून पालक व चक्क्यासारखे दही भरलेल्या, अर्धचंद्राकृती, उकडलेल्या पुऱ्या लोणी घालून वाढतात. नंतर घरच्या डुकराचे मांस व आंबविलेला कोबी. थोरांस नवी द्राक्षाची दारू व मुलांस ताजा गोड रस मिळतो. शेवटी भोके पाडलेल्या लोखंडी तव्यात विस्तवावर भाजलेले चेस्टनट येतात. ज्या वाचकांनी हे फळ पाहिले नसेल त्यांनी चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या आठवाव्या. तोच पिठूळपणा, फक्त गोडी अधिक. त्यावर खसखशीचे सारण भरलेली तळलेली करंजी असते. तिला तेथे अर्थात दुसरे नाव आहे, पण आपल्या दिवाळीच्या ताटात ती कोणी ओळखू नये इतकी निराळी नाही.

दुसरे दिवशी मुले गोठ्यात असतात. शहरच्या मुलांस दूध कोठून येते हे पाहण्याची हौस सर्व देशांत सारखीच. जवळच्या फिलनोस दरीत डोळ्यांभोवती काळी वर्तुळे असलेली मेंढी पाळतात. तिला तेथील लोक ‘चष्मेवाली मेंढी’ म्हणतात. ही जात नाहीशी होण्याच्या पंथास लागली होती. हल्ली तिचे मांस व लोकर या पाहुण्यांसच खपते, म्हणून कळप टिकून आहेत. थोरली माणसे चेस्टनटच्या बागांतून जाणाऱ्या पायवाटेने फिरून येतात आणि निघताना मुरंबा, वाळविलेले मांस, सफरचंदाचा रस असे घरचे जिन्नस विकत घेतात. तेथील शेतकरी संघाने 1999 पासून ‘लाल कोंबडा’ ही खूण चालविली आहे. ती मिळालेल्या जिनसात निदान तीन-चतुर्थांश कच्चा माल त्याच शेतावरचा असावा लागतो. बाजारातून आणून घरचे म्हणून विकणारांस ही खूण मिळत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. या उतारांवरील बहुतेक वाड्या ‘बंदिस्त’, अर्थात अविभाज्य म्हणून सरकारदरबारी नोंदलेल्या आहेत. घर, गोठा, शेत, कुरण व रान मिळून एक वाडी. ती वारसांत वाटता येत नाही. एकच वारस ती घेतो व बाकीच्यांस पैसा देतो. ही चाल जुनी असून टिरोलमध्ये तिला 1900 साली कायद्याचे रूप आले. इटलीच्या राज्यात 1929 साली हा कायदा मोडला. तरी लोकांनी चाल सोडली नाही, आणि 1954 साली प्रांताने तो पुन्हा उभा केला. सध्याचा कायदा 2001 चा आहे. त्याप्रमाणे नवी अविभाज्य वाडी नोंदविण्यास तिचे उत्पन्न निदान चार माणसांच्या योग्य निर्वाहास पुरेल इतके असावे लागते. वारस निवडताना मुलगा-मुलगी हा भेद उरलेला नाही. जो किंवा जी शेतावर वाढली व राबली, तिचा हक्क आधी. अशा वाड्या सुमारे 13 हजार आहेत. याच प्रांताच्या पश्चिमेस फिन्शगाउ खोऱ्यात वाटणीची चाल होती. तेथे जमिनीचे आपल्याकडल्यासारखेच बारीक पट्टे पडले. एकाच हवेत, एकाच जातीच्या लोकांत, दोन चालींची दोन फळे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

आपल्याकडे महाराष्ट्रात 1970-71 च्या शेतीगणनेत दर खातेदारामागे सरासरी 4.28 हेक्टर जमीन होती. 2015-16 मध्ये ती 1.34 हेक्टरवर आली. तुकडेबंदीचा कायदा तर 1947 पासूनच आहे. मग तो येथे का फळला नाही? आमचे मत असे की, त्याने तुकडा करू नये हे सांगितले, पण जमीन सोडणाऱ्या भावाच्या हातात काय पडावे हे सांगितले नाही. रिकाम्या हाताने कोण आपला हिस्सा सोडील? टिरोलच्या वाडीत भावंडांस पैसा द्यावा लागतो, आणि तो पंधरा गाईंच्या दुधातून निघत नाही. बराच अंशी तो या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांकडून येतो.

तेथेही सर्व गोड आहे असे मात्र नाही. भावंडांचा हिस्सा बाजारभावाने नव्हे, तर शेताच्या उत्पन्नावरून काढलेल्या किमतीने ठरतो. बाजारभाव त्याच्या कित्येक पट असल्यामुळे घर सोडून गेलेल्या बहिणीच्या मनात सल राहतो. वारसाने ठराविक मुदतीच्या आत वाडी विकल्यास जादा रक्कम भावंडांत वाटावी लागते, एवढेच त्यांचे संरक्षण. शिवाय पाहुण्यांच्या चादरी, न्याहाऱ्या व खोल्यांची झाडलोट यांचा भार बहुधा घरच्या बाईवर पडतो, आणि तोही गाईंची धार चुकवून नव्हे.

दुसरे भय असे की, शेतकरी हळूहळू खाणावळवाला होऊन बसेल. ते ओळखून इटलीने 1985 साली शेतीपर्यटनाचा कायदा केला व 2006 साली तो नव्याने घडविला. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे, आणि ते कामाच्या वेळावरून मोजावे. दहापर्यंत पाहुणे ठेवणाराची शेती मुख्य आहे असे धरून चालावे. शेतावर आधीच असलेल्या इमारतीच पाहुण्यांसाठी वापराव्या, ही त्यातील मुख्य कलमे. बारीकसारीक नियम प्रांताने आपले आपण केले आहेत. प्रांतात एकंदर प्रवाशांची गर्दी इतकी झाली की 2022 साली खाटांच्या संख्येवरच मर्यादा घालावी लागली. फिलनोसच्या एका लहानशा देवळापुढे छायाचित्रे घेण्यासाठी लोक गवत तुडवितात, ही तेथील शेतकऱ्यांची नित्याची तक्रार आहे. आणि ते गवत म्हणजे गाईंचे हिवाळ्याचे अन्न होय.

महाराष्ट्रात या धंद्याची पद्धतशीर सुरुवात बारामती भागात 2005 च्या सुमारास झाली, व राज्याचे कृषिपर्यटन धोरण 2020 साली ठरले. आमच्या सभासदांपैकी जे शेतावर पाहुणे ठेवितात त्यांनी आपल्या एका वर्षाचा जमाखर्च या मासिकाकडे धाडावा. त्यात घरच्या बायकांच्या श्रमाचे मोल निराळे धरावे; आणि त्या उत्पन्नातून एखाद्या भावाचा अगर बहिणीचा हिस्सा रोखीने भागवून जमीन एकत्र राखिली असल्यास, किती वर्षांत व किती हप्त्यांनी, हे अवश्य लिहावे.