लुटीचा जमाखर्च : पेंढारी सरदारांचा कारभार आणि नागपूर दरबार

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नर्मदेच्या दोन्ही तीरांवर जी पेंढारी घराणी नांदत होती, त्यांना निव्वळ दरोडेखोरांच्या टोळ्या म्हणता येत नाही आणि राज्ये म्हणणेही जड जाते. त्यांच्याकडे जहागिरी होत्या, नवाबाचे किताब होते, वारसाहक्काचे वाद होते आणि वसुलीची ठरलेली रीतही होती. नव्हती ती फक्त प्रजा, जिच्याकडून कर घेतल्यावर तिचे रक्षण करण्याचे बंधन राज्यकर्त्यावर येते. या घराण्यांचा सविस्तर वृत्तांत जॉन माल्कम याच्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातून आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांच्या लेखनातून मिळतो; तो शत्रूने लिहिलेला आहे, ही गोष्ट वाचताना पदोपदी ध्यानात ठेवावी लागते.

मराठी फौजांबरोबर चालणारे हे बिनपगारी स्वार सरकारकडून तनखा घेत नसत, उलट शत्रूचा मुलूख लुटण्याच्या परवानगीसाठी तेच सरकारात ‘पालपट्टी’ नावाचा, राहुटीवर बसवलेला कर भरत. ज्याच्या आश्रयाला ते असत त्याच्या नावाने त्यांची ओळख होई. शिंदेशाही आणि होळकरशाही हे त्यांचे दोन मुख्य गट. आश्रयदात्याला या व्यवस्थेत फौज फुकट मिळे, आणि तिच्या कृत्यांची जबाबदारी अंगावर आली की ती झटकण्याची सोयही राही. नागपूरच्या ज्या भोसल्यांनी बंगालवर स्वाऱ्या करून १७५१ च्या तहाने ओरिसा आणि वार्षिक बारा लाखांची चौथाई मिळवली, त्यांच्या दरबाराला हा हिशेब नवा नव्हता. चौथाईला सनदेचे आणि तहाचे कागद होते, पालपट्टीच्या लुटीला ते नव्हते, एवढाच काय तो फरक, आणि लुटल्या जाणाऱ्या गावकऱ्याला तो कितपत जाणवत असेल हा प्रश्नच आहे.

पेंढाऱ्यांच्या तळाला दुर्रा म्हणत. दुर्ऱ्याचा धनी जन्माने ठरे असे नाही. चितू हा मूळचा मेवातेतील जाट. दुष्काळात एका पेंढारी सरदाराने त्याला लहानपणी विकत घेतले, पुत्रवत वाढवले, आणि पुढे तोच सर्वांत बलाढ्य सरदार झाला. करीमखानाचा उदय खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईत निजामाच्या छावणीतून हाती लागलेल्या लुटीवर झाला आणि नंतर भोपाळच्या नवाब घराण्याशी सोयरीक करून त्याने आपल्या नावाला वजन आणले. धर्म आणि जात या तळावर दुय्यम होत्या; स्वतःचा घोडा आणि भाला घेऊन येणाऱ्याला जागा मिळे. माल्कमच्या अंदाजाप्रमाणे हजार माणसांत सुमारे चारशे बऱ्यापैकी घोड्यांवर असत, त्यांतल्या दर पंधराव्या माणसाजवळ तोड्याची बंदूक असे आणि इतरांची भिस्त बारा ते अठरा फुटी बांबूच्या भाल्यावर. उरलेल्यांत साधे लुटारू आणि तट्टांवर बसलेले गुलाम व चाकर.

दसरा उलटून नद्यांचे पाणी उतरले की स्वारी निघे. तंबू नाही, सामानसुमान नाही, जवळ चार भाकऱ्या आणि घोड्यापुरता दाणा, आणि रोजची मजल चाळीस-पन्नास मैलांची. हे वर्णन अनेकांनी केले आहे आणि त्यातील वेगाचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. कारभार समजून घ्यायचा असेल तर पाहावी ती स्वारी परतल्यानंतरची वाटणी. आलेल्या मालावर पहिला हक्क ज्याच्या मुलखात दुर्रा असे त्या सरकारचा, त्यानंतर सरदाराचा आणि त्यानंतर स्वारीला निघताना ज्यांनी उचल दिली होती त्या सावकारांचा. एवढे चुकते झाल्यावर जे उरे ते लुटणाऱ्याचे, आणि तेही तळावरच विक्रीला मांडले जाई. दूरदूरचे व्यापारी स्वस्तात खरेदीसाठी जमत, सौदा बायका करीत आणि पुरुष नाचगाण्यात व दारूत मिळालेले उडवीत.

हा क्रम नीट पाहिला तर या घराण्यांचे खरे शासन तलवारीपेक्षा खतावणीत अधिक होते असे दिसते. सावकाराचे देणे फिटल्यावर हाती आलेले पैसे तळावरच संपत, आणि पुढच्या दसऱ्याला घोड्यासाठी पुन्हा उचल घ्यावी लागे. तेव्हा स्वाराला सरदाराशी बांधून ठेवणाऱ्या गोष्टींत निष्ठेपेक्षा कर्जाचा वाटा मोठा असावा. ही व्यवस्था थांबवणे सरदाराच्याही हाती नव्हते, कारण स्वारी न काढणाऱ्या सरदाराचे स्वार दुसऱ्या दुर्ऱ्यात जाऊ शकत होते.

आश्रयदात्यांशी असलेले नाते तर याहूनही ठिसूळ होते, आणि त्याचा उत्तम दाखला नागपूरचा आहे. हिरू आणि बुऱ्हाण या दोघा भावांनी प्रथम भोपाळकरांकडे जाऊन भोसल्यांचा मुलूख लुटण्याची तयारी दाखवली. तिथे नकार मिळताच ते नागपूरला दुसऱ्या रघुजीकडे गेले आणि त्याच्या सांगण्यावरून त्यांनी भोपाळचा मुलूख उद्ध्वस्त केला. लूट घेऊन परतल्यावर मात्र दरबाराने त्यांनाच लुटले. बुऱ्हाण कैदेत मेला आणि हिरू शिंद्यांकडे पळाला. करीमखानाचेही शिंद्यांकडे असेच झाले. दौलतराव शिंद्यासाठी त्याने सव्वा लाख रुपये रचून, वर भरजरी वस्त्र अंथरून मसनद तयार केली, आणखी परगणे मागितले, आणि कैद होऊन चार वर्षांनी सहा लाखांच्या खंडणीवर सुटला. ज्या सत्तेला स्वतःचा कायदा नसतो तिला करारही नसतो, हे पेंढाऱ्यांना ठाऊक असावे. तरी आश्रयावाचून त्यांना माल विकायला सुरक्षित जागा मिळत नव्हती.

या व्यवस्थेच्या अडचणी तिच्या यशातूनच निर्माण झाल्या. इंग्रजांशी झालेल्या १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचे कटक आणि वऱ्हाड गेले, उत्पन्न घटले, रघुजीने रयतेवरचा भार इतका वाढवला की इंग्रजांनी त्याला ‘बडा बनिया’ म्हणून हिणवले, आणि रोजगार गमावलेल्या शिपायांना पेंढाऱ्यांचा तळ हा एक उघडा मार्ग राहिला. अशा रीतीने दुर्रे फुगत गेले आणि जवळचा मुलूख चिपाडासारखा कोरडा पडला. १८११ मध्ये पेंढारी नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी शहराचे एक उपनगर जाळले; ज्या दरबाराने हे हत्यार एकदा भाड्याने वापरले होते त्याच्याच दारात ते आले. नागपूर प्रांतातील गावोगावच्या मातीच्या गढ्यांपैकी बऱ्याचशा याच धास्तीने उभ्या राहिल्या, आणि रयतेने आपले रक्षण आपणच करायचे ठरवले हा त्या काळच्या राज्यकारभारावरचा सर्वांत कठोर अभिप्राय मानावा लागेल.

जवळचे संपल्यावर स्वाऱ्या लांबल्या. १८१६ मध्ये कंपनीच्या गुंटूर भागात अवघ्या बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली, १८२ माणसे मारली गेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. पुरलेला पैसा काढून घेण्यासाठी छळ हा नेमाचाच भाग होता, आणि पेंढाऱ्यांच्या धाडसाच्या कथा रंगवणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा विसरू नये. या स्वारीने गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला हवे ते कारण मिळाले. १८१७ मध्ये एक लाखाहून अधिक फौज चहूबाजूंनी नर्मदेकडे सरकली. वेग हेच ज्यांचे संरक्षण होते त्यांना आता पळायला दिशा उरली नाही, आणि कागदोपत्रीचे आश्रयदाते एकेक करून तहात बांधले गेले.

इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या नोव्हेंबर १८१७ च्या लढाईनंतर पदच्युत होऊन १८१८ मध्ये कैदेतून निसटलेला आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात आला, तेव्हा त्याला येऊन मिळालेल्यांत चितूही होता. नागपूरचा राजा आणि पेंढाऱ्यांचा सरदार यांच्यात आता आश्रय कोणी कोणाला द्यायचा हा प्रश्न उरला नव्हता. १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात चितूला वाघाने मारले. त्याच्या चरत फिरणाऱ्या घोड्याच्या खोगिरावर अडीचशे रुपये, काही मोहोरांच्या अंगठ्या आणि पुढे मोठे बक्षीस देण्याचे वचन देणारी आप्पासाहेबाची पत्रे सापडली. दुसरा एक पेंढारी सरदार वासिल महंमद गाझीपूरच्या कैदेत विष घेऊन मेला.

जे शरण आले त्यांच्या बाबतीत कंपनीने शिंद्यांचाच, जमीन देऊन बांधून ठेवण्याचा उपाय वापरला, मात्र त्यातली मेख ओळखून. करीमखानाला जमीन मिळाली ती गोरखपूरकडे, नर्मदेपासून, जुन्या स्वारांपासून आणि उचल देणाऱ्या सावकारांपासून पुरेशी दूर. नामदारखान या पेंढारी सरदाराने भोपाळ भागात शस्त्र खाली ठेवताना किताब किंवा परगणा मागितला नाही. आपल्याला कलकत्त्यास किंवा विलायतेस पाठवू नये, एवढीच अट त्याने घातली आणि ती मान्य झाली.