आधी मातृवृक्ष दाखवा

पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही कलमवाल्याकडे तासभर थांबलात, तर एक प्रश्न हमखास कानावर येतो : “दादा, हापूसच ना?” त्याचे खरे उत्तर मिळायला पाचेक वर्षे जातात. झाड फळावर येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हाती विक्रेत्याचा शब्द तेवढा असतो.

1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली. कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू चढला, कलमांची मागणी वाढली आणि गावोगाव रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्या काळातल्या रोपवाटिका आता पस्तिशीला आल्या आहेत. वर्धापनाचा बेत म्हटला की मंडप, सत्कार आणि सवलतीतली विक्री ठरलेली. मला वाटते, शनिवार-रविवार रोपवाटिका लोकांना खुली करायचीच, तर सगळ्यात आधी मातृवृक्षांची, म्हणजे कलमकाडी देणाऱ्या झाडांची, बाग आणि नोंदवही उघडावी.

ही वही काही नवी नाही. महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे. खुंट कुठला, कलमकाडी कोणत्या झाडाची, याची नोंद ठेवणे परवानाधारकावर बंधनकारक आहे. पण ती वही तपासणीपुरती बाहेर येते, गिऱ्हाईक ती कधी पाहत नाही. त्या दोन दिवसांत ती टेबलावर असावी, आणि वहीतला झाडाचा क्रमांक बागेतल्या खोडावरही दिसावा. माणसाने पानावर बोट ठेवावे आणि थेट त्या झाडाखाली जाऊन उभे राहावे. शेजारी रत्नाचे झाड असेल तर आणखी चांगले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने 1981 मध्ये दिलेली ही जात साक्यापासून, म्हणजे गर आतून स्पंजासारखा होण्याच्या दोषापासून, मुक्त आहे. हापूस सोडून दुसरे काही लावावे का, हा विचार त्या झाडाखाली उभे राहून नीट करता येतो.

तारीख ठरवताना शेतीचे वेळापत्रक पाहायला हवे. जुलैत गाव भाताच्या लावणीत अडकलेले असते आणि गणपतीत कोणाला उसंत नसते. लावणी आटोपल्यावर, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला शनिवार-रविवार बरा. हवेत दमटपणा असल्याने कोय कलमे बांधण्याचे काम तेव्हाही चालू असते. मात्र तयारी आधीपासून करावी लागते. आंब्याची कोय साठवून टिकत नाही, म्हणून उशिरा उतरणाऱ्या रायवळाच्या कोयी मागाहून वेगळ्या वाफ्यात रुजत घालायच्या. कलमकाडीसाठी निवडलेल्या फांद्यांची पाने देठ ठेवून आठ-दहा दिवस आधी कापायची, म्हणजे डोळे फुगतात.

मग बांधणी दाखवावी, आणि ती घाई न करता. कोयीतून वर आलेला कोंब तांबूस, पाने लुसलुशीत. कलम बांधणारी बाई कोयीच्या वर सहा-आठ सेंटीमीटरवर तो आडवा छाटते आणि मधोमध उभी चीर देते. तेवढ्याच जाडीच्या काडीचे टोक दोन्ही बाजूंनी तासून त्याची पाचर करते, ती चिरेत बसवते, एका अंगाची तरी साल सालीला भिडली आहे ना हे अंगठ्याने चाचपते आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत गाठ मारते. पूर्वी भेट कलमासाठी कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीशी नेऊन महिनोन्‌महिने बांधून ठेवावे लागे, त्याला तिथेच पाणी घालावे लागे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत कोकणासाठी बसवून दिली आणि तो खटाटोप संपला. ज्या हातांवर ही सारी रोपवाटिका उभी आहे, त्या बायांची नावे पाहुण्यांना सांगितली जावीत. सत्कार करायचाच असेल, तर पहिला मान त्यांचा.

जुलैत बांधलेली कलमे शेजारीच शेडनेटखाली ठेवावीत. काही फुटलेली असतील, काही काळी पडलेली. काळी पडलेली लपवू नयेत. काडी कोवळी होती, गाठ सैल पडली की आत पाणी शिरले, हे समोर दाखवले तर घरी कलम करू पाहणारा तरुण त्यातून अधिक शिकतो.

व्यवस्थेचा बराच भाग पावसाचा आहे. चिखलात ताज्या कलमांच्या वाफ्यांमधून माणसे फिरली तर नुकसान ठरलेले, म्हणून चिरे टाकून एकच वाट आखावी आणि वाफ्यांना दोरी लावावी. बाहेरच्या बागेतली माती चपलांना लागून येते आणि तिच्याबरोबर मुळांचे रोगही येतात, तेव्हा फाटकाशी पाय धुण्याची सोय हवी. गाड्या गावच्या रस्त्यावर नकोत. बायकांसाठी स्वच्छ शौचालय हवे. गरम चहा आणि घावणे गावातल्या बचत गटाकडून घ्यावेत.

विक्री या दोन दिवशी बंद ठेवावी असे मला ठामपणे वाटते. गर्दीत कलम निवडता येत नाही. जोड कुठे आहे, पिशवीत मुळे वेटोळी झाली आहेत का, हे निवांत पाहावे लागते. मागणी नोंदवून घ्यावी, कलमे नंतर द्यावीत.

जुन्या गिऱ्हाइकांना मात्र आग्रहाने बोलवावे. त्यांनी आपल्या झाडांचे फोटो आणावेत आणि फळ केव्हा धरले, साका किती निघतो, एखादे झाड जातीबाहेरचे निघाले का, हे सांगावे. प्रत्येक तक्रार त्या कलमाच्या मातृवृक्षाच्या क्रमांकापुढे लिहून घ्यावी. पुढच्या हंगामात काडी कोणत्या झाडाची घ्यायची आणि कोणत्या झाडाला सुरी लावायची नाही, हे वहीच्या त्या पानांवरून ठरवता येईल.