साडेनऊ तासांपलीकडचा ताशा

सकाळचे साडेआठ. कळमनुरीच्या बसस्थानकाजवळच्या ऑनलाइन सेंटरसमोरची रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर आलीय. पेरणीचे दिवस. कुणाच्या हातात सातबारा, कुणाच्या पिशवीत पासबुक आणि आधारच्या झेरॉक्स. आभाळ दाटलंय, पण पाऊस नाही, नुसती उकड. पंखा गरम हवाच फिरवतोय. सर्व्हर डाऊन.

मी कोपऱ्यातल्या बाकावर. मांडीवर मोबाइल, इअरफोन एकाच कानात. पडद्यावर रात्रीचे अकरा वाजलेत. त्रिनिदाद, पोर्ट ऑफ स्पेन, सेंट जेम्सचा रस्ता. मधे सुमारे चौदा हजार किलोमीटर आणि साडेनऊ तास. तिकडे मोहरमला होसे म्हणतात आणि आज निशाणांची रात्र आहे.

मी गर्दीतून चालतोय. म्हणजे ज्याच्या हातात फोन आहे, तो चालतोय. पाठी दिसतात, खांदे दिसतात. एका गाडीपुढे रांग: दोन मऊ तळलेल्या पोळ्या (तिकडे 'बारा'), मधे चणे. या खाण्याला डबल्स म्हणतात. कॅमेरा तिथे थांबत नाही. मला थांबायचं असतं, पण मान वळवायची सोय या बाकावर नाही.

चौकाच्या अलीकडे तो थांबतो. जाळ दिसतो.

फुटपाथलगत लाकडं पेटलीत. भोवती आठ-दहा जण. प्रत्येकाने आपला तासा, म्हणजे तिकडचा ताशा, जाळाकडे तिरपा धरलाय. बकऱ्याचं कातडं. एकजण काडीने टिचकी मारतो, ऐकतो, पुन्हा धरतो. बोलत कुणी नाही. पाच मिनिटं हेच. दहा मिनिटं हेच. नंतर संगीत लावून टाकलेल्या तयार व्हिडिओंत हा भाग हमखास कापलेला असतो. मला मात्र वादनाइतकाच हा हवा असतो. थेट प्रक्षेपणात निदान वाट बघणं तरी शाबूत राहतं.

चित्र अडकतं. गोल फिरू लागतो. रांगेतही कुणीतरी विचारतं, "चालू झालं का हो?" सेंटरवाला मान हलवतो. नाही.

ते निखारे मला ओळखीचे आहेत. आपल्याकडे हलगी अशीच शेकतात. मोहरम इथेही सुरू आहे. मराठवाड्यात गावोगाव सवाऱ्या बसल्यात, अलाव्याचे खड्डे खणून झालेत, आणि सवारीपुढे नारळ ठेवायला येणाऱ्यांत हिंदू घरं थोडी नसतात. सेंट जेम्सच्या गर्दीतही तसंच: मुसलमान थोडे, हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे बरेच. मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो; सध्या तो पेरणीत सापडलाय.

चित्र हलतं. वादन सुरू झालंय. दोन तासे, एक मोठा ढोल, एक झांज. पहिल्या ताशाचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा; दुसरा खाली ठेका धरून. ढोलाचा घुमारा इवल्या इअरफोनात मरतो. छातीत बसणारा दणका इथे पोचतच नाही. घरबसल्या अभ्यासाची ही एक वजाबाकी धरूनच चालावं लागतं.

निशाणं पुढे सरकतात. हिरवी, लाल, काळी. होसे तिकडे नेला तो गिरमिटियांनी, करारावर गेलेल्या मजुरांनी. 30 मे 1845 ला फातेल रझाक जहाज त्यांतल्या पहिल्यांना घेऊन या बेटावर लागलं. 1917 पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून जास्त माणसं गेली, उसाच्या मळ्यांत. बहुतेक बिहार आणि आताच्या उत्तर प्रदेशातली, कलकत्त्याच्या बंदरातून चढलेली. आपल्या बाजूचे गेले ते मुख्यतः मॉरिशसला. 1884 साली सरकारने होसेच्या मिरवणुकीला शहरात यायला मनाई केली. माणसं तरी निघाली. 30 ऑक्टोबरला सान फर्नांडोपाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. डझनाहून जास्त माणसं मेली. पडद्यावर आत्ता एक पोलीस बॅरिकेड बाजूला करून ताशांना वाट देतोय.

"काय बघायलाव, सर?"

शेजारच्या बाकावरचे मामा केव्हाचे वाकून पाहताहेत. सत्तरीचे असावेत. इअरफोन काढतो, आवाज मोठा करतो. मोबाइल त्यांच्याकडे सरकवतो.

"ताशा हाय की ह्यो. कुठलं गाव?"

सांगतो. गावापेक्षा त्यांना जाळ महत्त्वाचा वाटतो. कडेला दुसरी तुकडी आता तासे शेकतेय.

"लई जवळ धरलंय त्यानं. फाटंल." थोडं थांबून, "आमी हलगी वाजवायचो. आता पोरं फायबरची आणत्यात. शेकायचं कामच नाही."

तिकडेही नटबोल्टने ताणायचे तासे निघालेत, जाळ न लागणारे. हे सांगतो. मामा मान डोलावतात, पण लक्ष पडद्यावर. वादक वळणावर थांबलेत, घाम पुसताहेत, पुन्हा उचलतात.

"सुपारी किती घेत्यात?"

सुपारीचा विचार माझ्या टिपणवहीत कुठेच नाही. तालांची नावं आहेत, मिरवणुकीचा मार्ग आहे. मला माहीत आहे तेवढं सांगतो: ताजिये बांधतात ती ठरावीक घराणी, खर्च घरचा, वाजवणारे बरेचसे त्याच अंगणातले.

"म्हंजे फुकट?"

"बहुतेक."

"रात-रात?"

"हो. परवाच्या रात्री मोठे ताजिये निघतील, माणसं लाल-हिरवे चंद्र खांद्यावर घेऊन नाचतील. तेव्हाही."

आतून आरोळी येते. सर्व्हर आलाय. रांग एकदम पुढे ढकलली जाते. मामा सातबारा सावरत उठतात.

"मंग नवसाचं असंल," ते म्हणतात, आणि अंगठा द्यायला आत जातात.