वेष्टनावरील हिरवे पान

अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावीही आता सवलतीची मोठी दुकाने आली आहेत. तेथे पर्यावरणस्नेही माल कसा ओळखावा, असे धर्मग्रामातील भगिनी आम्हांस विचारतात. वेष्टनावरील हिरवे पान हा पुरावा नव्हे; हिरवा ठिपका तर केवळ शाकाहाराची खूण! शासनाने अशा मालासाठी १९९१ साली ‘इकोमार्क’ योजना आणली, २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने केले. तरी ती खूण क्वचितच आढळते. ऑक्टोबर २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र नुसते ‘इको-फ्रेंडली’ म्हणून उत्पादकास सुटता येत नाही, दाव्याचा आधार द्यावा लागतो. तो वेष्टनावर अथवा क्यूआर कोडमध्ये शोधावा. न सापडल्यास त्या शब्दापायी जादा पैसे मोजू नयेत. पंखा किंवा फ्रिज घेताना तारे पाहावेत : सारख्या आकारात अधिक तारे, कमी वीज.