बिल्ला कुणाच्या हाती?

गेल्या वर्षी परीक्षेचा अर्ज भरून मी एका नेट कॅफेतून घाईघाईने उठले. 'लॉग आउट' न करता नुसती विंडो बंद केली. माझ्यामागून त्याच संगणकावर बसलेल्या मुलीने तेच संकेतस्थळ उघडले आणि समोर आलेला अर्ज आपलाच समजून ऐच्छिक विषय बदलला. मी इतिहासाची विद्यार्थिनी आणि हॉलतिकिटावर अर्थशास्त्र! दुरुस्तीसाठी आठवडाभर खेटे घातले. पासवर्ड तर मी कुणालाच सांगितला नव्हता. मग हे घडले कसे?

पुणेकरांना हे सहज उमगेल. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा स्टँडवाला सायकल ठेवताना बिल्ला देई आणि परत देताना बिल्ला पाही, चेहरा नव्हे. वेबचेही तसेच आहे. पासवर्ड एकदा पटला की सर्व्हर ब्राउझरला अंदाज न येणारा लांबलचक क्रमांक देतो. पुढे प्रत्येक पान मागताना ब्राउझर तो दाखवतो. हीच 'कुकी'. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ती योजली. बिल्ला ज्याच्या हाती, सायकल त्याची!

म्हणून बिल्ला देतानाच अटी घालाव्या लागतात. 'सिक्युअर' ही अट असली की कुकी कूटबद्ध जोडणीवरूनच जाते. ही काळजी न घेतल्यास खुल्या वायफायवर शेजाऱ्याच्या खात्यात किती सहज शिरता येते, हे एरिक बटलर यांच्या 'फायरशीप'ने २०१० मध्ये जगाला दाखवून दिले. 'एचटीटीपी-ओन्ली'मुळे पानात घुसवलेल्या जावास्क्रिप्टला कुकी वाचता येत नाही. 'सेमसाइट' ही अट 'लॅक्स' किंवा 'स्ट्रिक्ट' ठेवली, तर परक्या संकेतस्थळाने आपल्या नावे लबाडीने धाडलेल्या अर्जासोबत कुकी जात नाही. अट लिहिलेलीच नसेल तर 'लॅक्स' धरावे, असे क्रोमने २०२० पासून सुरू केले.

पण या तिन्ही अटी असत्या तरी माझा विषय वाचला नसता. तिथे प्रश्न मुदतीचा होता. कुकीवर लांबची मुदत लिहिली की ब्राउझर बंद केल्यावरही ती संगणकात राहते. अशा ठिकाणी मुदत थोडी हवी. काही मिनिटे हालचाल नसेल तर सर्व्हरने आपल्या वहीतून तो क्रमांक खोडायला हवा. 'लॉग आउट' केल्यावरही तेच. ब्राउझरमधली कुकी पुसून भागत नाही.

संकेतस्थळे रचणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी एवढे ध्यानी धरावे. आणि आपण? उठताना 'लॉग आउट' करावे. बिल्ला परत केल्याशिवाय स्टँड सोडू नये!